शोधपट्टीचा मालक कोण?



एका विद्यार्थ्यास 'आपलें गांव' या विषयावर निबंध लिहावयास दिला होता. त्यानें वडिलांच्या मोबाइलवर 'उमापूर' एवढा एकच शब्द लिहिला आणि समोर आलेलें एका पुरातन शिवालयाचें वर्णन मोठ्या अभिमानानें उतरवून आणलें. वर्णन खरें होतें. परंतु तें शिवालय बीदर जिल्ह्यांतील, बसवकल्याण तालुक्यांतल्या उमापूरचें होतें! मुलगा ओशाळला. मला वाटलें, दोष त्याचा नसून, शोधावें कसें हें न शिकविणाऱ्या आम्हां शिक्षकांचा आहे. म्हणून हा लहानसा पाठ.

ब्राउझर म्हणजे ग्रंथालयाचें दार, आणि सर्च इंजिन हा तेथील ग्रंथपाल, असें समजा. हा ग्रंथपाल बहुधा आपण नेमलेला नसतो. आपलें सर्च इंजिन निरनिराळ्या ब्राउझरांत व फोनांत आधींच बसविलेलें असावें, म्हणून गूगलनें २०२१ या एका वर्षीं २६ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम दिली, असें अमेरिकेंतील न्यायालयाच्या ऑगस्ट २०२४ च्या निकालांत नमूद आहे. एवढें द्रव्य कशासाठीं? कारण बहुतेक लोक आयतें मिळालेलें बदलीत नाहींत. आपल्या देशांतही भारतीय स्पर्धा आयोगानें ऑक्टोबर २०२२ मध्यें त्याच कंपनीस १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, आणि नवा फोन सुरू करितांना सर्च इंजिन निवडण्याची मुभा ग्राहकास द्यावी असें बजाविलें.

ही निवड मुळींच कठीण नाहीं. क्रोम किंवा फायरफॉक्स यांच्या सेटिंग्जमध्यें 'सर्च' संबंधीं सदर असतें. तेथील यादींतून हवें तें सर्च इंजिन ठरवावें. टूलबारही आपल्या सोयीनें मांडतां येतो. संगणकावर फायरफॉक्सच्या वरच्या पट्टींतील मोकळ्या जागीं माउसचें उजवें बटण दाबून 'कस्टमाइझ टूलबार' निवडावें; नको असलेलें चिन्ह ओढून खालीं टाकावें, हवें असलेलें वर आणावें, आणि 'डन' दाबावें. बुकमार्कांच्या पट्टीवर मराठी विकिपीडिया व मराठी विश्वकोश यांस अवश्य जागा द्यावी. पहिल्याचा प्रारंभ १ मे २००३ रोजीं झाला. दुसऱ्याचा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं १९७६ सालीं निघाला. फुकट मिळालेल्या एखाद्या प्रोग्रॅमबरोबर अनोळखी पट्टी आली, तर ती मात्र तत्काळ काढून टाकावी.

दार नीट झालें, तरी प्रश्नही नीट विचारावयास हवा. 'उमापूर' ऐवजीं 'उमापूर गेवराई' असें लिहावें. नको असलेल्या शब्दास लागूनच आधीं वजाचें चिन्ह घालावें, म्हणजे तो शब्द असलेलीं पानें वगळलीं जातात. शब्द ठराविक क्रमानेंच हवे असल्यास ते अवतरणचिन्हांत लिहावे. जुनीं नांवेंही स्मरणांत ठेवावीं: निझामी राजवटींत अंबाजोगाईस मोमिनाबाद म्हणत, आणि त्या काळच्या इंग्रजी ग्रंथांत बीडचें नांव 'भीर' असें आढळतें. जो केवळ आजचें नांव शोधील, त्यास कालचे कागद कसे सांपडावे?

पालकांस एक विनंती आहे. मुलाच्या हातीं फोन देतांना, 'काय शोधतोस?' एवढेंच न विचारतां, 'हें कोणी लिहिलें, आणि कोणत्या गांवाविषयीं?' असेंही विचारावें.

त्या विद्यार्थ्यानें वरील रीतीनें पुन्हां शोध केला. आपल्या उमापूरविषयीं मजकूर थोडाच मिळाला. तेव्हां तो वही घेऊन आजीपाशीं जाऊन बसला. त्याचा दुसरा निबंध पहिल्याहून आखूड होता, परंतु तो त्याच्या गांवाचा होता.