नियमात नाही, म्हणजे काय?

आपल्या हॉस्टेलवर रात्री जेवणानंतर लॅपटॉपवर जे इंग्रजी पिक्चर चालतात, त्यातला एक सीन सगळ्यांना पाठ आहे. पोलीस आरोपीला बेड्या घालतो आणि घालता घालता सांगतो की तुला गप्प राहण्याचा हक्क आहे, वकील मिळण्याचा हक्क आहे. हा सीन कुणा पटकथाकाराच्या डोक्यातून आलेला नाही. १९६६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मिरांडा खटल्यात ठरवलं, की कोठडीत चौकशी सुरू करण्याआधी पोलिसांनी ही सूचना दिलीच पाहिजे.

आता आपल्या घटनेतलं एखादं कलम सांगा असं म्हटलं, की कुणीतरी हमखास "तीनशे दोन!" ओरडतं. अहो, ते घटनेतलं नाहीच, ते जुन्या भारतीय दंड संहितेतलं! स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, हे आपल्या घटनेच्या कलम २० मध्ये आहे. अटकेचं कारण कळण्याचा आणि वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क कलम २२ मध्ये आहे. आणि हे १९५० पासून आहे, म्हणजे मिरांडाच्या सोळा वर्षं आधीपासून. पण त्यावर पिक्चर निघाला नाही, म्हणून आम्हाला माहीत नाही.

हसू नका, मीही त्यातलीच. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. वर्गात मराठी बोललं की एका वाक्याला एक रुपया दंड होता, आणि माझे खाऊचे बरेच पैसे त्यातच गेले. त्यामुळे या लेखातलं मराठी कुठे अडखळलं तर समजून घ्या.

बारावीला मी दुसऱ्या गावी एका वसतिगृहात होते. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चंद्रयान-३ चंद्रावर उतरलं, त्या आठवड्यात आम्ही चौघींनी मिळून एक भित्तिपत्रक तयार केलं. लँडर म्हणजे काय, दक्षिण ध्रुवाजवळच का उतरायचं, असं सगळं सोप्या मराठीत लिहिलं, चित्रं काढली. ते जिन्याजवळच्या भिंतीवर लावू का म्हणून विचारायला गेलो. उत्तर मिळालं, "नियमावलीत भित्तिपत्रकाची तरतूद नाही." कुणी रागावलं नाही, ओरडलं नाही. आम्ही "बरं" म्हणून परत आलो. तो कार्डशीट माझ्या कॉटखाली वर्षभर पडून होता आणि शेवटी रद्दीत गेला.

तेव्हा मला काही उत्तर सुचलं नाही. पुढे इंजिनिअरिंगला आल्यावर राज्यघटनेच्या ऑडिट कोर्ससाठी वाचताना एक निकाल हाती लागला आणि वाटलं, अरे, हे तर आपलंच भित्तिपत्रक!

तुरुंगातलं अणूवरचं पुस्तक

हा खटला आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. महाराष्ट्र राज्य विरुद्ध प्रभाकर पांडुरंग संझगिरी. संझगिरी हे कम्युनिस्ट कार्यकर्ते. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये चीनचं आक्रमण झालं, आणीबाणी जाहीर झाली आणि भारत संरक्षण नियमांखाली अनेकांना स्थानबद्ध केलं गेलं. स्थानबद्ध म्हणजे खटला नाही, शिक्षा नाही, फक्त सरकारच्या आदेशावरून तुरुंग. संझगिरींना मुंबईच्या जिल्हा तुरुंगात ठेवलं होतं. तिथे बसून या माणसाने काय केलं असेल? मराठीत एक विज्ञानाचं पुस्तक लिहिलं. विषय, अणूच्या आत काय असतं!

हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवायची परवानगी त्यांनी मागितली. मार्च १९६४ मध्ये राज्य सरकारने ती नाकारली. मग तुरुंग अधीक्षकांकडे अर्ज केला, तिथेही नकार मिळाला. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्तींनी पुस्तकाची अनुक्रमणिका पाहिली. सगळं शुद्ध विज्ञान, देशाच्या संरक्षणाला त्यातून कसलाही धोका नाही. हस्तलिखित बाहेर जाऊ द्या, असा आदेश झाला. यावर राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेलं.

सरकारचा युक्तिवाद नीट पाहण्यासारखा आहे. पुस्तक घातक आहे यावर त्याचा भर नव्हताच. म्हणणं असं होतं, की स्थानबद्ध माणसाचं स्वातंत्र्य गेलेलं असतं आणि १९५१ च्या स्थानबद्धतेच्या अटींमध्ये जेवढ्या सवलती लिहिल्या आहेत तेवढ्याच त्याला मिळतात. त्या अटींमध्ये पुस्तक छापायला पाठवण्याचा उल्लेख नाही. म्हणजे थोडक्यात, "नियमावलीत तरतूद नाही."

निकाल लिहिला न्यायमूर्ती के. सुब्बाराव यांनी. त्यांनी हा युक्तिवाद उलटा करून दाखवला. त्या अटी म्हणजे सवलतींची यादी नव्हे, ती बंधनांची यादी आहे. जे बंधन लिहिलं आहे ते पाळावंच लागेल. पण जे लिहिलेलं नाही, ते स्वातंत्र्य तुरुंगातही त्या माणसाकडेच राहतं. सरकारचं म्हणणं मान्य केलं तर, स्थानबद्धाला जेवण देण्याची अट नियमात नसती तर त्याला उपाशी मारता आलं असतं, असा अर्थ होईल. आपल्या मेसवर कितीही रागावलेल्या माणसालाही हे उदाहरण पटेल!

सरकारचा आणखी एक मुद्दा होता. आणीबाणीत राष्ट्रपतींच्या आदेशाने मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जाणंच बंद झालेलं असताना हे कोर्टात आलेच कसे? न्यायालय म्हणालं, तो आदेश त्या संरक्षण कायद्याखाली किंवा त्याच्या नियमांखाली हिरावलेल्या हक्कांपुरता आहे. पुस्तक पाठवायला मनाई करणारा नियमच नाही, तर कोर्टाचं दारही बंद होत नाही. सरकारचं अपील फेटाळलं गेलं. निकालाची तारीख ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी आपलं सैन्य लाहोरच्या दिशेने सीमा ओलांडत होतं. भर युद्धात देशाचं सर्वोच्च न्यायालय एका स्थानबद्ध माणसाच्या मराठी पुस्तकाची बाजू घेत होतं.

हक्क आणि सवलत

एस.टी.चा विद्यार्थी पास ही सवलत आहे. सरकारने दिली म्हणून मिळाली, उद्या अटी बदलू शकतात. पण रस्त्याने चालत जायला पास लागत नाही. तिथे मला अडवणाऱ्यानेच कारण सांगायचं असतं. सवलतीत सिद्ध करायचं ओझं आपल्यावर, हक्कात ते अडवणाऱ्यावर. सगळा फरक एवढाच, पण फार मोठा.

आमच्या कॉम्प्युटरच्या भाषेत सांगते. फायरवॉल दोन प्रकारे लावता येते. एकात सगळं बंद, यादीत असेल तेवढंच आत सोडायचं. दुसऱ्यात सगळं चालू, यादीत असेल तेवढंच अडवायचं. घटनेने नागरिकासाठी दुसरी पद्धत निवडली आहे. कायद्याने मनाई केली नाही, तोवर मोकळीक. आणि सरकारी अधिकाऱ्यासाठी पहिली. कायद्याने अधिकार दिला नाही, तोवर हात लावायचा नाही. संझगिरींच्या खटल्यात सरकारने या दोन सेटिंग्जची अदलाबदल करून टाकली होती, आणि न्यायालयाने ती पुन्हा जागेवर आणली.

अमेरिकेत हाच वाद घटना तयार होतानाच झाला. १७८७ साली फिलाडेल्फियात घटना लिहिली गेली, तेव्हा तिच्यात हक्कांची यादी नव्हती. अलेक्झांडर हॅमिल्टन यांचं मत होतं की यादी करूच नका, केली तर ती धोक्याची ठरेल. सरकारला जे करायचा अधिकारच दिलेला नाही, ते करू नका असं पुन्हा लिहायचं कशाला? दुसऱ्या बाजूला, लेखी हमी हवीच असा लोकांचा आग्रह. शेवटी जेम्स मॅडिसन यांनी दुरुस्त्या मांडल्या आणि १७९१ च्या डिसेंबरमध्ये पहिल्या दहा दुरुस्त्या लागू झाल्या. त्यातली पहिली, भाषण, वृत्तपत्र आणि धर्माच्या स्वातंत्र्याची, सगळ्यांना माहीत असते. मला मात्र नववी आवडते. तिचा आशय असा, की इथे काही हक्क लिहिले म्हणून न लिहिलेले हक्क लोकांकडे नाहीत असं समजू नये. हॅमिल्टनच्या भीतीवर मॅडिसनने काढलेला हा तोडगा. तुरुंगातल्या लिखाणाचा प्रश्न तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९७४ मध्ये आला. कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांत कैद्यांच्या पत्रांवर जी सेन्सॉरशिप होती ती न्यायालयाने रद्द केली, आणि एक चांगली गोष्ट सांगितली. पत्राला दोन टोकं असतात. ते अडवलं की बाहेर वाट पाहणाऱ्याचाही हक्क जातो.

कोर्टंही चुकतात

हे सगळं वाचून वाटेल की कोर्ट आहे म्हणजे काळजी मिटली. तसं नाही. १९७५ च्या आणीबाणीत राष्ट्रपतींचा नवा आदेश निघाला आणि त्यात १९६२ सारखी अट नव्हती. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितलं, की स्थानबद्ध माणसाला आपली अटक बेकायदा आहे हे म्हणण्यासाठीसुद्धा कोर्टात येता येणार नाही. विरोधात उभे राहिले एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. चौघांत एक होते न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड, मूळ आपल्या शेजारच्या खेड तालुक्यातल्या कनेरसरच्या घराण्यातले. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने ठरलं की आणीबाणीतही कलम २१ म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता येणार नाही. आणि २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात १९७६ चा निकाल चुकीचा होता असं न्यायालयानेच लिहिलं. लिहिणारे होते न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव. वडिलांची चूक मुलाने, आणि तीही भर कोर्टात, दुरुस्त केली. पण यात ४१ वर्षं गेली. अमेरिकेनेही दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या स्वतःच्याच नागरिकांना छावण्यांत ठेवलं. १९४४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली, आणि तो निकाल चूक होता हे त्याच न्यायालयाने म्हणायला २०१८ साल उजाडलं.

आणि आपलं हॉस्टेल?

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. कॉलेज म्हणजे सरकार नव्हे. अमेरिकेची पहिली दुरुस्ती सरकारला बांधते, खासगी कॉलेजला नाही. आपल्याकडेही बहुतेक मूलभूत हक्क हे राज्यसंस्थेविरुद्ध आहेत. शिवाय हॉस्टेलवर शेकडो मुली राहतात, कुणाचा तरी अभ्यास चालू असतो, कुणीतरी आजारी असतं. नियम लागतातच. रात्री बारा वाजता स्पीकर लावणं हा कुणाचाच मूलभूत हक्क नाही!

पण नियमाला कारण असावं लागतं, हे विद्यार्थ्यांच्या खटल्यांतही ठरलेलं आहे. अमेरिकेत आयोवा राज्यातली काही मुलं व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काळी फीत बांधून सरकारी शाळेत आली म्हणून त्यांना घरी पाठवलं होतं. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांची बाजू घेतली. फितीमुळे शिकवण्यात खरोखर अडथळा येत असेल तरच बंदी घालता येईल, नुसत्या भीतीपोटी नाही. आणि २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयासमोर तर थेट हॉस्टेलच आलं. कोझिकोडकडच्या एका कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाईल वापरायला बंदी होती. एका विद्यार्थिनीने ती मानली नाही, तिला हॉस्टेल सोडायला सांगितलं. न्यायालयाने तिला परत घ्यायला लावलं. शिस्त हवी, पण सज्ञान मुलींचा शिकण्याचा आणि खासगीपणाचा हक्क मोडेल अशी नको, असा त्या निकालाचा अर्थ.

श्रावणी सोमवारी आपण ओतूरच्या कपर्दिकेश्वराच्या यात्रेला जातो. तिथेच मांडवीच्या काठी बाबाजी चैतन्यांची समाधी आहे, तुकोबांच्या गुरूंची. त्याच तुकोबांना, तुम्हाला हे लिहिण्याचा अधिकार नाही असं सांगण्यात आलं आणि वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, असं परंपरा सांगते. मागच्या श्रावणात तिथे उभी असताना मला संझगिरींचं हस्तलिखित आठवलं, आणि त्यापाठोपाठ कॉटखालचा तो कार्डशीट. तुकोबांची आणि माझी बरोबरी मी करत नाही, कृपया गैरसमज नको! पण तिन्ही वेळा प्रश्न एकच होता. लिहिणाऱ्याने परवानगी दाखवायची, की अडवणाऱ्याने कारण?

या सत्रात आम्ही काहीजणी हॉस्टेलवर मराठी विज्ञान भित्तिपत्रक सुरू करायचं म्हणतोय. अर्ज लिहून तयार आहे. पहिल्या मसुद्यात सवयीने शेवटी लिहिलं होतं, "तरी परवानगी मिळावी ही नम्र विनंती." ते खोडलं. आता असं लिहिलंय: "सूचना फलकाशेजारील मोकळ्या भिंतीवर आम्ही दर महिन्याला भित्तिपत्रक लावू इच्छितो. काही हरकत असल्यास कृपया कारणासह कळवावे."

नम्र विनंती मात्र ठेवली आहे. रेक्टर मॅडम हा अंक वाचतात, हे आम्हाला माहीत आहे.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष (संगणक)