मधल्या पिढीला जे जमलं नाही

प्रश्न : फेडरर, नदाल आणि जोकोविच यांना मागे टाकणारे तरुण आता येणार, आता येणार, असं आम्ही कित्येक वर्षं ऐकत होतो. थिम, झ्वेरेव्ह, त्सित्सिपास, मेदवेदेव आले, पण वर्चस्व काही मोडलं नाही. मग अल्कराझ आणि सिनर आले आणि बघता बघता चित्र पालटलं. या दोघांत असं काय आहे, जे आधीच्यांत नव्हतं? की समोरचे थकले म्हणून यांना जमलं? – एक वाचक, मिरज

उत्तर : तुमच्या प्रश्नाचं शेवटचं टोक आधी धरतो, कारण बहुतेकांचं उत्तर तिथेच संपतं. समोरचे थकले, हे खरं. पण कधी थकले? फेडररनं शेवटचं ग्रँडस्लॅम 2018 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये जिंकलं, वयाच्या 36 व्या वर्षी. नदालनं 2022 ची फ्रेंच ओपन जिंकली तेव्हा तोही 36 वर्षांचा होता. जोकोविचनं 2023 ची यूएस ओपन घेतली, तीही 36 व्या वर्षीच. टेनिसपटूनं तिशी ओलांडली की त्याच्या निवृत्तीची चर्चा सुरू व्हायची, तो काळ काही फार जुना नाही. पीट सॅम्प्रसनं 2002 मध्ये 31 व्या वर्षी यूएस ओपन जिंकली आणि त्यानंतर तो एकही स्पर्धात्मक सामना खेळला नाही.

म्हणजे ज्या पिढीबद्दल तुम्ही विचारता, तिच्यासमोर तिशी उलटलेलेच विजेते उभे होते. थिमचा जन्म 1993 चा, मेदवेदेवचा 1996 चा, झ्वेरेव्हचा 1997 चा, त्सित्सिपासचा 1998 चा. नुसतं वय कामाला आलं असतं तर सत्तांतर 2018 च्या सुमारासच व्हायला हवं होतं. ते झालं नाही. 2003 च्या विम्बल्डनपासून 2023 च्या यूएस ओपनपर्यंत पुरुष एकेरीची 81 ग्रँडस्लॅम जेतेपदं पणाला लागली. त्यांतली 66 या तिघांनी नेली : फेडरर 20, नदाल 22, जोकोविच 24. आणि 1990 च्या दशकात जन्मलेल्या पुरुषांपैकी 2025 अखेरपर्यंत एकेरीचं ग्रँडस्लॅम जिंकलेले किती? दोघंच. 2020 ची यूएस ओपन जिंकणारा थिम आणि 2021 ची जिंकणारा मेदवेदेव. थिमच्या त्या स्पर्धेत फेडरर आणि नदाल उतरलेच नव्हते आणि जोकोविचला चौथ्या फेरीत अपात्र ठरवलं गेलं होतं. थिमचं कौतुक त्यानं कमी होत नाही; झ्वेरेव्हविरुद्ध दोन सेटनी मागे पडून, पाचव्या सेटच्या टायब्रेकमध्ये त्यानं ती अंतिम लढत काढली. मेदवेदेवनं तर जोकोविचला सरळ तीन सेटमध्ये हरवलं, तेही जोकोविच एकाच वर्षात चारही ग्रँडस्लॅम जिंकण्यापासून एका सामन्यावर असताना. हिंमत आणि फटके त्या पिढीकडे होते. अडचण दुसरीकडे होती.

ती कुठे होती हे पाहायचं तर दोन सामने आठवावे लागतील. 2021 च्या फ्रेंच ओपनची अंतिम लढत : त्सित्सिपास पहिले दोन सेट जिंकून पुढे. जोकोविच कोर्टाबाहेर जाऊन आला आणि पुढचे तिन्ही सेट 6-3, 6-2, 6-4 असे घेऊन गेला. दुसरा सामना 2022 च्या ऑस्ट्रेलियन ओपनचा : मेदवेदेव दोन सेटनी पुढे. तिसऱ्या सेटमध्ये नदाल 2-3 नं मागे, त्याची स्वतःची सर्व्हिस आणि गुणफलक 0-40. तिथे एक गुण मेदवेदेवला मिळाला असता तर सामना जवळपास संपला होता. नदालनं तो गेम राखला, आणि 5 तास 24 मिनिटांनंतर करंडकही त्याच्याच हातात होता. आपल्याकडे तालमीत म्हणतात, वस्ताद एक डाव राखून ठेवतो. या तिघांचा राखीव डाव म्हणजे तिसरा सेट. पहिल्या दोन सेटमध्ये समोरच्याचं सगळं पाहून घ्यायचं, तो कुठे सर्व्हिस टाकतो, दबावाखाली कोणता फटका आखडतो, दमल्यावर पाय कुठे कमी पडतात, हे मनात टिपून ठेवायचं, आणि मग खरा सामना सुरू करायचा. पुरुषांच्या ग्रँडस्लॅममध्ये पाच सेट असतात. त्यामुळे शिकायला आणि सावरायला वेळ मिळतो. माझं स्पष्ट मत आहे की या तिघांची सर्वांत मोठी ताकद फोरहँड किंवा सर्व्हिस नव्हती, हा वेळ होती.

त्यात व्यवस्थेचीही भर पडली. 2001 च्या विम्बल्डनपासून ग्रँडस्लॅममध्ये 16 ऐवजी 32 मानांकनं द्यायला लागले. आधी अव्वल खेळाडूची गाठ पहिल्याच फेरीत सतराव्या-अठराव्या दर्जाच्या खेळाडूशी पडू शकायची. आता तिसऱ्या फेरीपर्यंत त्याला एकही मानांकित खेळाडू भेटत नाही, म्हणजे लयीत यायला दोन सामने मिळतात. विम्बल्डननं त्याच वर्षी गवताची जातही बदलली; चेंडू अधिक उंच उसळू लागला आणि सर्व्हिस मारून नेटवर धावणाऱ्यांचे दिवस मावळले. पॉलिएस्टरच्या तारांमुळे चेंडूला भरपूर फिरकी देणं सोपं झालं. हिरवळ, लाल माती आणि हार्ड कोर्ट यांतलं अंतर कमी होत गेलं, तशी बेसलाइनवरून उत्तम खेळणाऱ्याला तिन्हीकडे तीच विद्या पुरू लागली. पूर्वी एखादा तरुण फक्त मातीवरचा किंवा फक्त हिरवळीवरचा बादशहा म्हणून वर यायचा. ते दरवाजे एकेक करून बंद झाले.

आता अल्कराझ आणि सिनर. मधल्या पिढीतले बरेच जण बेसलाइनच्या बरेच मागे उभे राहून खेळायचे. मेदवेदेव सर्व्हिस परतवताना पार मागच्या भिंतीजवळ दिसतो; थिमलाही आपला लांब, जोरकस फटका मारायला मागे जागा लागायची. मागे उभं राहिलं की आपल्याला वेळ मिळतो, पण समोरच्यालाही तितकाच मिळतो. जोकोविचला वेळ दिला की तो चुकत नाही. ज्यांनी पुण्यात बालेवाडीला एटीपी स्पर्धेचे सामने कोर्टाजवळ बसून पाहिले असतील, त्यांना कळेल मी काय म्हणतो ते. टीव्हीवर संथ वाटणारी रॅली प्रत्यक्षात इतकी वेगवान असते की एक पाऊल पुढे-मागे झालं तरी फटका बदलतो.

सिनर बेसलाइनला चिकटून उभा राहतो. चेंडू उसळून वर येत असतानाच तो दोन्ही बाजूंनी सपाट, कडक मारतो. इटलीच्या उत्तरेकडच्या डोंगरांतला, जर्मन बोलणाऱ्या भागातला हा मुलगा लहानपणी स्कीइंगमध्ये चमकत होता. टेनिससाठी तेराव्या वर्षी घर सोडून तो समुद्रकाठच्या बोर्दिगेराला प्रशिक्षक रिकार्दो पिआत्ती यांच्याकडे गेला. अल्कराझ स्पेनच्या मुर्सिया भागातल्या एल पाल्मार गावचा. 2003 ची फ्रेंच ओपन जिंकणाऱ्या हुआन कार्लोस फेरेरोच्या हाताखाली तो घडला. जीव खाऊन फोरहँड मारण्याचा आव आणायचा आणि ऐन क्षणी चेंडू नेटपलीकडे अलगद टाकायचा, ही त्याची खासियत. प्रतिस्पर्धी मागे रेलला की ड्रॉप शॉट, पुढे आला की डोक्यावरून लॉब. तऱ्हा वेगळ्या असल्या तरी दोघांचं काम एकच : समोरच्याला विचार करायला सवड द्यायची नाही.

2023 च्या विम्बल्डनची अंतिम लढत मला या सगळ्या बदलाचा कणा वाटते, म्हणून तिच्यावर थोडा थांबतो. 2013 मधल्या अंतिम फेरीनंतर सेंटर कोर्टवर जोकोविच हरला नव्हता. पहिला सेट त्यानं 6-1 असा उडवला. वीस वर्षांचा अल्कराझ गांगरल्यासारखा दिसत होता. दुसरा सेट टायब्रेकपर्यंत गेला. ग्रँडस्लॅममधले आधीचे ओळीनं पंधरा टायब्रेक जोकोविचनं जिंकले होते, आणि इथेही त्याला सेट पॉइंट मिळाला. त्याचा बॅकहँड नेटमध्ये गेला. दोन गुणांनंतर अल्कराझनं सर्व्हिस परतवताना बॅकहँड रेषेलगत सोडला आणि सेट घेतला. तिसऱ्या सेटमध्ये अल्कराझ 3-1 नं पुढे असताना जोकोविचच्या सर्व्हिसवर एक गेम सुरू झाला, तो 26 मिनिटं चालला. 13 ड्यूस झाले. जोकोविच पुन्हा पुन्हा वाचवत होता आणि अल्कराझ पुन्हा पुन्हा तिथेच येऊन उभा राहत होता. जिथे आधीचे तरुण एक संधी हुकली की मनातून खचायचे, तिथे हा मुलगा सातव्या ब्रेक पॉइंटलाही पहिल्याच्याच तडफेनं खेळला आणि गेम घेऊन गेला. जोकोविचनं चौथा सेट जिंकला, म्हणजे राखीव डाव इथेही निघालाच. पण पाचव्यात सर्व्हिस गमावल्यावर त्यानं नेटच्या खांबावर रॅकेट आपटून मोडली. 4 तास 42 मिनिटांनी अल्कराझ जिंकला.

सिनरचा रस्ता वेगळा आणि मला तो अधिक शिकवणारा वाटतो, कारण तो आधी नेमका मधल्या पिढीसारखाच हरला होता. 2022 च्या विम्बल्डनमध्ये उपांत्यपूर्व फेरीत तो जोकोविचविरुद्ध दोन सेटनी पुढे होता. जोकोविच स्वच्छतागृहात गेला, आरशासमोर उभा राहून त्यानं स्वतःला चार शब्द सुनावले, परत आला आणि सामना घेऊन गेला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मालागात, डेव्हिस कपच्या उपांत्य फेरीत, जोकोविचनं सिनरविरुद्ध ओळीनं तीन मॅच पॉइंट मिळवले. सिनरनं तिन्ही वाचवले आणि सामना जिंकला. दोन महिन्यांनी, 2024 च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्य फेरीत, त्यानं जोकोविचला संपूर्ण सामन्यात एकही ब्रेक पॉइंट मिळू दिला नाही. आणि अंतिम फेरीत? मेदवेदेवविरुद्ध तो दोन सेटनी मागे पडला आणि पाच सेटमध्ये जिंकला. बिचाऱ्या मेदवेदेवला दोन वर्षांत दुसऱ्यांदा तेच दुःख भोगावं लागलं, आणि या वेळी ते त्याच्याहून पाच वर्षांनी लहान खेळाडूनं दिलं.

पाच सेटचा वेळ कसा वापरायचा, ही विद्या अशी नव्यांच्या हाती आली. 2024 आणि 2025 या दोन वर्षांतली आठही ग्रँडस्लॅम त्यांनी वाटून घेतली, प्रत्येकी चार. 2025 च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम फेरीत अल्कराझ चौथ्या सेटमध्ये 3-5 आणि 0-40 असा मागे होता. सिनरला जेतेपदासाठी एक गुण हवा होता आणि तीन संधी होत्या. त्या तिन्ही हुकल्या, आणि 5 तास 29 मिनिटांनी अल्कराझ जिंकला. पाच आठवड्यांनी विम्बल्डनच्या अंतिम फेरीत पहिला सेट हरूनही सिनरनं त्याला चार सेटमध्ये हरवलं. असा घाव इतक्या लवकर भरून काढणारा खेळाडू मी क्वचित पाहिला आहे.

प्रश्न : महिलांच्या टेनिसमध्ये मात्र नव्या मुली सहज जिंकताना दिसतात. तिथे असं वर्चस्व का टिकत नाही? – एक वाचक, मडगाव

उत्तर : ‘सहज’ म्हणू नका, पण तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि वरच्या उत्तराशी त्याचा थेट संबंध आहे. महिलांचे ग्रँडस्लॅम सामने तीन सेटचे असतात. बेधडक खेळणाऱ्या मुलीला दोन चांगले सेट पुरतात. 2021 च्या यूएस ओपनमध्ये एमा रादुकानू पात्रता फेरीतून आली आणि दहा सामन्यांत एकही सेट न गमावता जिंकली.

सेरेना विल्यम्सचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. 23 ग्रँडस्लॅम जिंकून, बाळंतपणातून परत येऊन, तिनं 2018 आणि 2019 मध्ये चार अंतिम फेऱ्या गाठल्या आणि चारही सरळ दोन सेटमध्ये गमावल्या. त्यांतली यूएस ओपनची शेवटची, 19 वर्षांच्या बियांका आंद्रेस्कूविरुद्धची : दुसऱ्या सेटमध्ये 1-5 अशी मागे पडलेली सेरेना 5-5 पर्यंत आली होती, सगळं स्टेडियम उभं राहून ओरडत होतं. आंद्रेस्कूनं पुढचे दोन गेम घेतले आणि सामना संपला. तो पाच सेटचा असता तर निकाल काय लागला असता, हे कोणीच सांगू शकत नाही. पण सेरेनाला आणखी एक सेट मिळाला असता, एवढं नक्की.

प्रश्न : मग जोकोविच संपला असं म्हणायचं का? – एक वाचक, परभणी

उत्तर : नाही. ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत 37 वर्षांच्या जोकोविचनं अल्कराझला 7-6, 7-6 असं हरवून सुवर्णपदक घेतलं. तीनच आठवडे आधी विम्बल्डनला याच अल्कराझनं त्याला 6-2, 6-2, 7-6 असं नमवलं होतं. 2025 मध्ये तर तो चारही ग्रँडस्लॅमच्या उपांत्य फेरीत पोहोचला. ऑस्ट्रेलियात त्यानं अल्कराझला चार सेटमध्ये बाद केलं, आणि पुढच्याच सामन्यात स्नायूच्या दुखापतीमुळे पहिल्या सेटनंतर त्याला माघार घ्यावी लागली.

बदल झाला आहे तो एवढाच, की पाच सेटचा लांबलचक सामना पूर्वी त्याला सावरायला अवधी द्यायचा, तो आता त्याच्या शरीराची परीक्षा पाहतो. ऑलिंपिकची अंतिम लढत तीन सेटची होती, हे विसरू नका. 2025 च्या उरलेल्या तिन्ही उपांत्य लढतींत, पॅरिस आणि विम्बल्डनला सिनरविरुद्ध आणि न्यूयॉर्कला अल्कराझविरुद्ध, त्याला एकही सेट जिंकता आला नाही. न्यूयॉर्कच्या पराभवानंतर तो स्वतःच म्हणाला की ग्रँडस्लॅमच्या पाच सेटमध्ये या दोघांना ओलांडणं यापुढे आपल्याला फार अवघड जाईल, तीन सेटमध्ये आपली शक्यता जास्त आहे.