पोर्टफोलिओत माणसं आहेत का?

‘चार वर्षं डिझाईन शिकून नोकरी कसली लागणार?’ हा पालकांचा प्रश्न. मुलांना वेगळाच घोर: फिग्मा हे डिझाईनचं सॉफ्टवेअर नीट येतं ना? आणि कंपनीत पोर्टफोलिओ चाळणारा तिसरंच काही शोधत असतो. या मुलाने आपलं डिझाईन कुणा परक्या माणसाच्या हातात दिलं होतं का, आणि तो अडल्यावर त्यात काय बदल केला?

यालाच युजेबिलिटी टेस्टिंग म्हणतात. ऐकायला सोपं, करायला चिकाटीचं. समजा, एसटीचं तिकीट काढण्याची वेबसाइट तपासायची आहे. समोरच्याला ‘आरक्षण करून दाखवा’ असं सांगितलं की चाचणी तिथेच फुकट गेली, कारण बटणावरचाच शब्द तुम्ही त्याला पुरवला. ‘शुक्रवारी रात्री दोघांना पुण्याहून लातूरला जायचंय, बघा जमतं का,’ एवढंच सांगायचं. मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचं आणि आपण गप्प बसायचं. तो विचारणारच, ‘हे दाबू का?’ त्यावर ‘मी इथे नसतो तर काय केलं असतं?’ एवढंच म्हणायचं. आपण रात्र जागून केलेल्या स्क्रीनवर कुणी चाचपडताना दिसला की जीभ आवरत नाही; पहिल्या वर्षाची मुलं इथे हटकून मदतीला धावतात.

आपल्याकडे यात भिडेची भर पडते. ‘पोरीने एवढ्या कष्टाने केलंय, नावं कशाला ठेवायची?’ म्हणून मावशी ‘छान झालंय गं’ म्हणून मोकळी होते. त्यामुळे ‘आवडलं का?’ हे विचारूच नये. बोट कुठे थांबलं, मागे किती वेळा गेलं, काम पुरं झालं की सोडून दिलं, ते टिपावं.

किती माणसं घ्यायची? युजेबिलिटी तज्ज्ञ जेकब निल्सन यांनी 2000 साली ‘पाच पुरेत’ असं मांडलं आणि ते जगभर पाठ झालं. त्यामागचं गणित त्यांनी थॉमस लँडॉवर यांच्यासोबत 1993 मध्ये मांडलेलं: एक माणूस सरासरी 31 टक्के अडचणी उघड करतो, पाच जणांत सुमारे 85 टक्के सापडतात. यावर नंतर बरेच वादही झाले. शिवाय हे पाच एकाच तऱ्हेचे वापरकर्ते धरलेले आहेत. एसटीने कॉलेजची मुलंही जातात आणि बाजाराला निघालेले आजोबाही. दोघांना एका पाचात कोंबून चालत नाही. पाचांवर चाचणी, मग दुरुस्ती, मग नव्या पाचांवर पुन्हा चाचणी, ही रीत विद्यार्थ्याला परवडते. जोडीला जॉन ब्रुक यांची 1986 मधली दहा विधानांची, वापरायला किती सोपं ते मोजणारी ‘एसयूएस’ प्रश्नावली भरून घ्यावी. तिचे गुण शंभरपैकी असले तरी ते टक्के नव्हेत. 68 म्हणजे साधारण सरासरी. मुलाखतीत हा फरक सांगता आला तर छाप पडते.

आता प्लेसमेंट. निव्वळ ‘यूएक्स रिसर्चर’ (वापरकर्त्यांचा अनुभव अभ्यासणारा) म्हणून नवख्यांना जागा कमीच असतात. बहुतेक जण यूएक्स किंवा प्रॉडक्ट डिझायनर म्हणून लागतात आणि संशोधनाकडे नंतर वळतात. इंटर्नशिपमधून मिळणारी पीपीओ, म्हणजे प्लेसमेंटच्या आधीच हातात पडलेली नोकरीची ऑफर, हा त्यातला भरवशाचा रस्ता.

कॉलेजच्या माहितीपत्रकातल्या ‘सर्वोच्च पॅकेज’वर पालकांनी जाऊ नये. मधला आकडा, म्हणजे मीडियन, विचारा. किती जण प्लेसमेंटला बसले आणि त्यातल्या कितींना डिझाईनचंच काम मिळालं, तेही विचारा. आकडे लेखी द्यायला कॉलेज का-कू करू लागलं, तर मी तरी तिथे फी भरणार नाही.

विज्ञान शाखा नाही म्हणून धसका घेण्याचं कारण नाही. आयआयटी मुंबईतर्फे होणारी, डिझाईनच्या पदवीसाठीची यूसीड परीक्षा बारावीच्या कोणत्याही शाखेतून देता येते. अहमदाबादच्या एनआयडीची प्रवेश परीक्षा वेगळी असते. इंजिनीअरिंग किंवा आर्किटेक्चर करून बसलेल्यांना सीड ही प्रवेश परीक्षा देऊन एम.डेस. या डिझाईनच्या पदव्युत्तर पदवीकडे वळता येतं. आयआयटी मुंबईचा आयडीसी हा डिझाईन विभाग 1969 पासून डिझाईन शिकवतंय.

मुलाला हे काम झेपेल का, याचा अंदाज फी भरण्याआधीच घेता येतो. वीजबिल भरण्याचं पान उघडून शेजारच्या काकांसमोर ठेवा आणि मुलाला वीस मिनिटं, काही न शिकवता, नुसतं बघायला आणि लिहायला बसवा. त्यानंतर वही वाचा: ‘काकांना कळत नाही’ असं लिहिलंय, की ‘ग्राहक क्रमांक कुठे मिळेल ते पानावर दिसत नाही’ असं?