मातेचा मधुमेह आणि कमी वजनाचे बालक : एक अभ्यास

आम्ही इतिहासाचे शिक्षक. वैद्यकाचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु नोंदी वाचून त्यांचा अर्थ लावणे हे आमचे काम आहे. गतवर्षी एका माजी विद्यार्थिनीच्या बाळाचे कागद आमच्या हाती आले. गरोदरपणी तिला मधुमेह झाला होता आणि बाळाचे वजन भरले अवघे २.२ किलो. 'साखरेच्या आईचे मूल मोठे असते. हे लहान आहे, म्हणजे साखर बाळाला बाधली नाही,' असा निष्कर्ष काढून घरच्यांनी पुढील तपासण्या सोडून दिल्या. तो निष्कर्ष का चुकला, हे सांगण्यासाठी हा लेख.

आईच्या रक्तातील शर्करा वारेतून गर्भाकडे जाते. आईचे इन्सुलिन मात्र जात नाही. म्हणून गर्भाचे स्वादुपिंड स्वतःच अधिक इन्सुलिन निर्माण करते आणि वाढीव शर्करेची चरबी होते. पुष्कळदा त्यामुळे बाळ मोठे होते. परंतु आई मुळातच कुपोषित असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा वारेचा रक्तपुरवठा अपुरा असेल, तर मधुमेह असूनही बाळ लहान राहू शकते. नाळ कापताच शर्करेचा पुरवठा थांबतो, इन्सुलिन मात्र काही काळ चढलेलेच राहते. लहान बाळाच्या यकृतात साठाही थोडा असतो. म्हणजे रक्तशर्करा घसरण्याचा धोका दुहेरी. यासाठी पहिल्या तासातच स्तनपान, ऊब आणि रक्तशर्करेची तपासणी आवश्यक ठरते.

या प्रश्नाचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्याच मातीत झाला. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व मुलांचा मागोवा घेतला. इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील बाळांचे सरासरी वजन सुमारे ३.५ किलो, तर आपल्या खेड्यांतील बाळांचे सुमारे २.७ किलो. स्नायू कमी; परंतु पाठीवरील त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून! लंडनच्या गोऱ्या बाळांशी केलेल्या तुलनेत पुण्याच्या लहान बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिनही अधिक आढळले. 'बारीक, तरी चरबीयुक्त' असे हे बालक. स्नायू हे शर्करा वापरणारे मोठे इंद्रिय. तेच अपुरे आणि चरबी अधिक, तर पुढे इन्सुलिन निष्प्रभ होऊ लागते. अशा देहावर मातेच्या वाढीव शर्करेची भर पडली, तर मधुमेहाची वाट आणखी जवळ येते. वजनकाटा किलो सांगतो. त्या किलोत काय भरले आहे, ते सांगत नाही.

याच अभ्यासात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक घेणाऱ्या मातांची बाळे मोठी, तर कष्टाची कामे अधिक करणाऱ्या मातांची बाळे लहान आढळली. म्हणजे प्रश्न केवळ आईच्या पथ्याचा नाही, तिच्या ताटाचा आणि विश्रांतीचाही आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभ विधेयकाचे समर्थन केले, ते प्रसूतीच्या काळात कामकरी स्त्रीला विसावा मिळावा म्हणूनच. या अभ्यासाने त्या मागणीचे महत्त्व आणखी ठळक केले आहे.

मग करावे काय? गरोदरपणी पहिल्याच भेटीत शर्करा तपासावी. ती ठीक असली तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा तपासावी. ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी १४० किंवा अधिक आकडा आला, तर उपचार लांबवू नयेत. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी आईची पुन्हा तपासणी व्हावी आणि पुढेही ती नियमित चालू राहावी. बाळाला गुटगुटीत करण्याच्या हव्यासाने साखर, बिस्किटे भरवू नयेत. स्तनपान, सकस आहार, खेळ आणि वाढीची नोंद पुरेशी आहे.

त्या विद्यार्थिनीला आम्ही एवढेच सांगितले : "बाई, हा कागद फेकू नकोस. हा तुझ्या लेकराच्या इतिहासाचा पहिला पुरावा आहे." तिने तो जपून ठेवला आहे आणि माय-लेकरांच्या तपासण्या पुन्हा सुरू झाल्या आहेत.