नोकरीचे ओझे व धंद्याची गोडी

नोकरीस आम्ही कमी लेखीत नाही. परंतु ज्या कामात मन रमत नाही, त्याचे ओझे होते. या बाबतीत लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांचे चरित्र मननीय आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावी आले आणि बंधूंसह सायकलींच्या व्यवसायात पडले. पुढे १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. तरी ते खचले नाहीत. १९१० साली औंध संस्थानातील कुंडलच्या ओसाड माळावर त्यांनी कारखाना उभारला, तीच किर्लोस्करवाडी.

धंद्यात कष्ट व चिंता टळतात, असे कोणी समजू नये. उलट त्या वाढतातच. परंतु आपण होऊन पत्करलेल्या कामातील अडचण ओझ्यासारखी वाटत नाही, कोड्यासारखी वाटते. ते सोडविण्यातच गोडी असते. म्हणून पालकांनीही प्रथम मुलाचा कल पाहावा, पगाराचा आकडा मागाहून.