गाळाचं वय काढण्याआधी

तळ्याच्या गाळाचं वय काढायला शिकायचं असेल तर लोणारच्या आधी भाटघरला जा, असं मी विद्यार्थ्यांना सांगते. लोणारचा गाळ हजारो वर्षांचा. तिथे तारीख चुकली तर पकडणार कोण? भाटघरची जन्मतारीख सरकारदरबारी नोंदलेली आहे. वेळवंडी नदीवरचा जुना व्हाइटिंग तलाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा, आजचं धरण १९२७चं. तरी तिथल्या गाळातल्या कोळशाच्या तुकड्याचं कार्बन-१४ वय आम्हाला कित्येक शतकांचं मिळालं. प्रयोगशाळेचं काहीच चुकलं नव्हतं. कोळसा खरोखरच तेवढा जुना होता. डोंगरउतारावरच्या मातीत तो पडून राहिला आणि कुठल्याशा पुराने ती माती खरवडून जलाशयात आणली. झाड कधी वाढलं ते कार्बन सांगतो, तुकडा तळाशी कधी बसला ते नाही. नैसर्गिक तळ्यात हीच तारीख सगळ्यांनी बिनतक्रार मान्य केली असती, या विचाराने मला आजही धास्ती वाटते.

म्हणून कोळसा आणि जाड लाकूड शक्यतो टाळा. पान, बी, बारीक काडी शोधा. उतारावर ती फार काळ टिकत नाहीत, त्यामुळे ती बहुधा त्याच पावसाळ्यातली असतात. गेल्या शंभर वर्षांसाठी मात्र शिसं-२१० आणि सीझियम-१३७ हेच कामाचे. शिशाचं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं. सीझियमचा उच्चांक १९६३च्या आसपासचा, अणुचाचण्यांनी हवेत सोडलेला.

पण तेही पुरापुढे फसतात. तळातून उभा काढलेला गाळ, म्हणजे कोअर, ज्यात असतो ती नळी उभी चिरा आणि यंत्राकडे जाण्याआधी नीट बघा. पुराचा थर ओळखू येतो: तळाशी भरड वाळू, तिच्यात सागाच्या पानांच्या जाळीदार शिरा, मग कण बारीक होत होत वर लोण्यासारखी मऊ माती. चिमटीत धरून चोळलं तरी फरक कळतो. भोर-वेल्ह्याच्या पावसात असा वीतभर थर एका रात्रीत बसू शकतो. त्याला दहा-वीस वर्षं बहाल केलीत की त्याच्याखालचं प्रत्येक साल सरकलं. असे थर आधी मोजा, एकूण खोलीतून वजा करा आणि मगच वयाचा आलेख काढा. शिशाच्या हिशेबातूनही ते वगळा. घाईने आलेल्या मातीत पावसातून पडणारं शिसं विरळ होतं.

जागा निवडताना उन्हाळ्यात एक फेरी माराच. पाणी ओसरून वेळवंडचं कांबरेश्वर मंदिर उघडं पडतं, तेव्हा कोरडा पडलेला सगळा पट्टा नमुन्यासाठी बाद समजा. तिथल्या भेगांत पहिल्या पावसाची माती खोलवर उतरते, गाळपेर होते, म्हशी बसतात. शेतात टाकायला गाळ कुठून उचलला हे काठावरच्या शेतकऱ्यांना विचारा. कागदावर ते सापडेलच असं नाही.

भूकंपाच्या बाबतीत तर फारच जपून. ११ डिसेंबर १९६७ला कोयनेचा मोठा धक्का बसला, त्यामुळे आपल्याकडे विस्कटलेला थर दिसला की कोयनेचं नाव ओठांवर येतं. धरण झपाट्याने रिकामं केलं तरी ओला काठ घसरतो आणि तसाच थर तयार होतो. हिवाळी भूकंपाने घसरलेला गाळ तळ्याचाच जुना गाळ असतो. त्यात ओढ्यांनी आणलेली ताजी पानं आणि नवी वाळू फारशी नसते. शिवाय धक्का एकाच तळ्याला बसत नाही. तोच थर त्याच वयाचा दुसरीकडे शोधा: नीरेवरचं वीर धरण १९६५चं आहे, तिथे शोधता येईल. पानशेतला शोधू नका. ते १२ जुलै १९६१ला फुटलं आणि पुन्हा उभं राहिलं ते १९७२ला. वीरला जुळणारा थर मिळाला नाही, तर अहवालात ‘विस्कटलेला थर, कारण अनिश्चित’ एवढंच लिहा आणि नळीचा दुसरा अर्धा भाग शीतगृहात ठेवा, म्हणजे पुढच्या कुणाला तो नव्याने तपासता येईल.