पुन्हा प्यायला, म्हणजे कुणाचं चुकलं?

प्रश्न : मी एमएसडब्ल्यू केलं आहे. सरकारी व्यसनमुक्ती सेवेत समुपदेशक व्हायचंय. पण सुटलेला माणूस पुन्हा पितो, तेव्हा आपलं काय चुकतं?
– एक वाचक, बोरी अरब (ता. दारव्हा)

उत्तर : बहुतेकदा काहीच नाही. व्यसन हा उलटणारा आजार आहे. मधुमेह्याची साखर वाढली तर आपण डॉक्टरला नापास करत नाही. रागावू नका, विचारा : कधी प्यायला, कुणासोबत, खिशात पैसे कुठले होते? तुमच्या भागात कापूस-सोयाबीनचा चुकारा आणि पोळ्याचे दिवस घसरगुंडीचे. त्या आठवड्यात तुम्हीच त्याच्या दारात जा.

एक धोका मात्र ध्यानात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं, तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. देवाची शपथ घालण्याआधी त्याला दवाखान्यात न्या.

अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेलं ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र जरूर बघून या. तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच कार्यकर्ते होतात. त्यांच्याकडून जे कळतं, ते पदवीत शिकवत नाहीत. आणि पिणाऱ्याच्या बायकोशी वेगळं बोला, नवऱ्यासमोर ती खरं सांगणार नाही. रात्री-अपरात्री आधार हवा असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक घरच्यांना लिहून द्या.